समुद्रघोड्याने पाळलेलं ग्रहण

एका दिवाळीत आमच्या घरात दोघं गरोदर होती. एक मी आणि दुसरा पडवीतल्या काचेच्या टाकीतला समुद्रघोडा. ‘दुसरा’ हे चुकून लिहिलेलं नाही. समुद्रघोड्यांमध्ये मादी आपली अंडी नराच्या पोटावरच्या पिशवीत ठेवते आणि मोकळी होते. पुढचं सगळं नराने निस्तरायचं. ही बातमी आळीत पसरली तेव्हा बायका त्याला बघायला येऊ लागल्या. एकीने त्याची दृष्ट काढायला सांगितली. दुसरी आपल्या नवऱ्याला हाताला धरून घेऊन आली आणि म्हणाली, “बगा, शिका जरा.” माझा नवरा बोईसरच्या एका कारखान्यात पाळ्या करायचा. घरी आला की आधी टाकीत डोकवायचा आणि विचारायचा, “काय हो, आज काय खावंसं वाटतंय?” मला नाही, त्या घोड्याला.

हे घर माहीमचं. मुंबईतलं माहीम नव्हे, केळव्याच्या शेजारचं, पालघर तालुक्यातलं. मागे नारळी-केळीची वाडी, वाडीपलीकडे बांध आणि बांधापलीकडे खाडी. मी पालघरच्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवायची. सासरे माझ्या लग्नाआधीच गेले होते, त्यामुळे घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. सासूबाई कमी बोलायच्या. ज्या बाईला रागावता येत नाही तिच्याबरोबर राहणं किती अवघड असतं, हे माझ्यासारख्या भडक डोक्याच्या बाईलाच कळेल. मी भांडी आपटायची आणि त्या ती आवाज न करता उचलून ठेवायच्या.

समुद्रघोडा मी पहिल्यांदा पाहिला तो सुकलेला. सुक्या जवळ्याच्या, त्या इवल्याशा कोळंबीच्या, ढिगात एखादी वाकडी काटकी असावी तसा पडला होता. कोळीवाड्यात डांग्या खोकला झालेल्या पोराच्या गळ्यात तो दोऱ्याने बांधायचे, एवढाच त्याचा उपयोग. खायला त्यात काहीच नाही, नुसती हाडकं. म्हणून जाळ्यात आला तर लोक त्याला परत पाण्यात फेकून द्यायचे. मग कधीतरी सुक्या मासळीचे व्यापारी समुद्रघोडेही मागायला लागले. लांबच्या कुठल्या देशात त्यांचं औषध करतात म्हणे. तेव्हापासून फेकणं थांबलं. आणि वर तोंड करून व्यापारी म्हणायचा, तुमच्याकडचे फारच बारीक असतात. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड!

आमच्या दारावर येणारी मासेवाली मोठ्या आवाजाची आणि त्याहून मोठ्या मनाची होती. ती सांगायची, “बाय, आमी बारकी होतो तवा गुडगाभर पान्यात गवताला लटकलेले दिसायचे. आता डोळ्याला पडत नाय.” गवत म्हणजे खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली उगवणारं गवत. तेही विरळ होत चाललं होतं. मी तिला सांगून ठेवलं, जिवंत गावला तर डब्यात समुद्राचं पाणी घालून माझ्याकडे आण. माझा विचार साधा होता. जाळ्यातून वाचलेली जोडी घरी ठेवायची, पिल्लं झाली की ती जरा मोठी करायची आणि मग खाडीत सोडायची. जन्मलेली पिल्लं समुद्रात पटापट गिळली जातात. बोटाएवढी करून सोडली तर त्यातली चार टिकतील. पुस्तकात याला संवर्धन म्हणतात. आमच्याकडे ‘हिचे घोडे’ म्हणायचे.

बोलाचीच कढी असती तर फार सोपं होतं. नवऱ्याने काच आणून टाकी बांधली. वीज गेली की हवेचा पंप बंद पडायचा, म्हणून त्याने ट्रकच्या जुन्या ट्यूबमध्ये सायकलच्या पंपाने हवा भरून तिची बारीक नळी टाकीत सोडली. या सेवेच्या बदल्यात मासेवालीने आणलेले ते नवाब मेलेलं अन्न तोंडात घेत नसत. जवळा हवा तर जिवंत हवा, डोळ्यांसमोर हलणारा हवा. आणि त्यांची पिल्लं म्हणजे भाताच्या तुसाएवढी, जन्मल्या क्षणापासून आईबापांसारखी ताठ उभी, शेपटीचं टोक वळवून एकमेकांनाच धरणारी. त्यांना जवळाही मोठा पडतो. पहिल्या खेपेची सगळी आठवडाभरात तळाला गेली. दुसऱ्या खेपेचीही तशीच. ती रोगाने मेली नव्हती. माझ्या डोळ्यांदेखत उपाशी मेली होती.

त्याच काही वर्षांत माझीही दोन बाळं पोटातच गेली. दोन्ही वेळा सुरुवातीच्या महिन्यांत. सासूबाई दोन्ही वेळा एक अक्षर बोलल्या नाहीत, धीराचं नाही की दोषाचं नाही. पेज आणून ठेवायच्या आणि वाडीत निघून जायच्या. मला तो न बोललेला दोषच वाटायचा. वाटायचं, एकदा तरी बोला, म्हणजे मलाही बोलता येईल.

त्या वर्षी माझा सातवा महिना होता आणि माझा पाय जमिनीवर हळू पडत होता. गणपतीनंतर मासेवालीने एक जोडी आणून दिली. “ह्या वर्सी येवडीच गावली,” म्हणाली, “पुडच्या वर्सी गावंल का ते समुद्राला ठावं.” दसऱ्याच्या सुमारास मादीने अंडी नराकडे दिली आणि काही दिवसांनी ती मेलीच. उरला हा एकटा, फुगत चाललेल्या पोटाचा. दुसरी जोडी नव्हती, म्हणजे दुसरी खेपही नव्हती. ही पिल्लं जगली तर आमच्या हातून खाडीला काही परत जाणार होतं. नाहीतर मी इतकी वर्षं नुसता मरणाचा कारखाना चालवला असं म्हणायची पाळी येणार होती.

या वेळी मात्र मी तयारीत होते. मागच्या दारी केळीजवळ एक निळा ड्रम ठेवला होता. त्यात उधाणाचं स्वच्छ पाणी भरलं, शेंगदाण्याची भिजवलेली पेंड घातली आणि उन्हात राहू दिलं. पाणी हिरवंगार झालं. मग खाडीतले अगदी बारीक पाणकिडे त्यात सोडले, ते त्या हिरव्यावर वाढले. थेंबभर पाणी काचेवर घेऊन उजेडात धरलं की पांढरे ठिपके उड्या मारताना दिसायचे. समुद्रघोड्याच्या बाळांचं ते दूध होतं. पण ड्रमला वास असा यायचा की नवरा तिकडून जाताना नाकाला रुमाल लावायचा. घरात मी त्याला ‘हिरवं पाणी’ म्हणायची, आणि कुणी हात लावू नका एवढंच सांगायची.

आणि दिवाळीत ग्रहण आलं. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सूर्यग्रहण. टीव्हीवर आठ दिवस त्याचीच चर्चा. शाळेत सुट्टीआधी मी मुलांना चेंडू आणि बॅटरी घेऊन ग्रहण समजावून दिलं होतं; गरोदर बाईला त्याने काही होत नाही हेसुद्धा ठासून सांगितलं होतं. घरी आले तर सासूबाई दारात उभ्या.

“सूनबाय,” त्या म्हणाल्या, “या येळेला ग्रहान पाळ. तेवडं माजं आयक.”

लग्नानंतर त्यांनी माझ्याकडे मागितलेली ती पहिली गोष्ट. वाद माझ्या जिभेच्या टोकावर होता. पण त्यांचे हात पदराशी चाळा करत होते, आणि मी काही दगड नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं. इथे तर दोनदा पोळलं होतं. मी हो म्हटलं. नवऱ्याने आ वासला.

त्या सकाळी मी माजघरात चटईवर पाय सरळ करून बसले. सुई नाही, विळी नाही, खाणं नाही. खिडक्या बंद. नवरा अंगणात एक्स-रेची फिल्म डोळ्यांसमोर धरून शेजाऱ्यांना सूर्य दाखवत होता, जणू तो त्यानेच कापला होता. इतक्यात पडवीत कापड झटकल्याचा आवाज आला.

“आई, काय करताय?”

“त्याला झाकते. तो पन पोटुशी हाय ना.”

मी वाकून पाहिलं तर सासूबाई आपली अंगावरची शाल टाकीवर चारी बाजूंनी नीट ओढून घेत होत्या. मला हसू फुटलं. त्यांनीही ओठ दाबले. मग त्या उंबऱ्यावर येऊन बसल्या, एका डोळ्यासमोर मी आणि दुसऱ्यासमोर तो घोडा. उजेड फिकट झाला, कावळे गप्प झाले. मी त्या अंधारात बसून पोटावर हात ठेवला. बाळ हललं. बाई गं, विज्ञानाची शिक्षिका असून त्या क्षणी मला त्या बंद खिडक्या बऱ्या वाटल्या.

ग्रहण सुटलं. सासूबाई उठल्या. मोक्षानंतर घरातलं साठवणीचं पाणी ओतून टाकायचं आणि नवं भरायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. कळशी रिकामी झाल्याचा आवाज आला, मग हंडा, मग न्हाणीतलं पिंप. पुढचा आवाज जड होता, लांब चालणारा, आणि मागच्या दारचा. मी सातव्या महिन्याचं पोट घेऊन धावत सुटले.

निळा ड्रम आडवा पडला होता. हिरवं पाणी केळीच्या मुळांशी फेस धरून जिरत होतं.

मी काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. तुमच्या ग्रहणाने माझी पिल्लं मारली, हे मी नक्की बोलले. टाकीतलं पाणी ठेवलंत, मग हेच कसं ओतलंत, असंही ओरडले.

“टाकीत जीव हाय म्हून ठेवलं,” सासूबाई म्हणाल्या. “ह्या घान पान्यात जीव हाय, हे तू मला कदी सांगितलंस?”

“मग निदान तुळशीचं पान टाकून तसंच ठेवायचं! पिण्याच्या पाण्यात टाकता ना?”

“तुळस? त्या घान वासात?” त्यांना खरोखरच धक्का बसला होता.

मी रडायला लागले, रागाने आणि दमून. नवरा फिल्म हातात घेऊन मध्ये उभा होता, त्याला कुणाची बाजू घ्यावी ते कळेना. आणि मग त्या बाई, ज्यांना रागावता येत नाही असं मी समजत होते, त्या बोलल्या.

“मागं चंद्राचं ग्रहान होतं तवा तुला दोन म्हयने होते. तू विळीवर कोबी चिरत होतीस. मी दारात उबी राहून बगत होते. बोलले नाय. तू शिकलेली, मी आडानी. म्हटलं, हसशील. मंग ते पोर गेलं. दुसऱ्या येळेलाबी कायतरी ऱ्हायलं आसंल, मीच बोलले नाय.” त्यांनी पदराने हात पुसले, हात कोरडेच होते तरी. “दोन पोरं माज्या गप ऱ्हाण्यानं गेली. तिसऱ्याला कायबी ठेवायचं नाय ठरवलं. म्हून सगळं ओतलं.”

अंगणात शेजारच्या लोकांचे आवाज येत होते. मी ओट्यावर बसले, त्यांनाही बसवलं.

“आई, कोबी चिरल्याने काही झालं नाही. डॉक्टर म्हणाले, ती दोन्ही बाळं सुरुवातीपासूनच नीट धरली नव्हती. कुणाचाच दोष नव्हता. तुमचा नाही, माझा नाही.”

“डॉक्टर तसं म्हनले?”

“दोन्ही वेळा.”

“तुला सांगितलं त्यानं,” त्या म्हणाल्या. “मला कुनी सांगितलंच नाय.”

मी नवऱ्याकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे. दोघांनाही वाटत होतं दुसऱ्याने सांगितलं असेल. त्यांच्या ज्या गप्प बसण्यात मी माझ्यावरचा दोष ऐकत होते, तो दोष त्यांनी स्वतःवर घेतलेला होता, आणि एकाच घरात आम्ही दोघी तो वेगवेगळा वाहत होतो.

पण ग्रहण कुणाच्या रडण्यासाठी थांबत नाही आणि समुद्रघोडाही नाही. भाऊबीजेच्या सकाळी टाकीत पाहिलं तर तो गवताच्या काडीला शेपटी गुंडाळून पुढे-मागे वाकत होता, आणि प्रत्येक वाकण्याबरोबर पोटातून पिल्लं धुरासारखी बाहेर येत होती. सासूबाई टाकीपाशी बसून पुटपुटत होत्या, “होईल, होईल, सावकाश.” पिल्लं ताठ उभी राहिली आणि डोळे फिरवून खाणं शोधू लागली. खाणं नव्हतं.

आता एकच उपाय होता. ड्रममध्ये वाढवलेलं गेलं, तर खाडीतूनच रोज ताजं गाळून आणायचं. भरतीच्या पाण्यात ते बारीक पाणकिडे असतातच, पण धरायचे कशाने? मच्छरदाणीतून ते सगळे निसटले. माझी नायलॉनची ओढणी धरली तर पाणी तिच्यातून जाईचना. मऊ, विरलेलं, खूप धुतलेलं सुती कापड हवं होतं. मी कपाट उपसत हे मोठ्याने बोलत होते. सासूबाई उठून आत गेल्या आणि त्यांची पेटी उघडल्याचा आवाज आला.

त्यांनी आणलं ते त्यांच्या सासूचं लुगडं. धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं. आमच्याकडे बाळ येण्याआधी दुपटी शिवत नाहीत, पण कापड मात्र काढून ठेवतात. हे त्यांनी माझ्या पहिल्या वेळेपासून काढून ठेवलं होतं आणि दोन्ही वेळा परत घडी घालून पेटीत टाकलं होतं. मला ते माहीत नव्हतं.

“आई, हे नको.”

“लई लांब हाय,” त्या म्हणाल्या. “दोगांना पुरंल.” आणि त्यांनी ते मधोमध टराटरा फाडलं.

नवऱ्याने वेताचं कडं केलं, त्याला लुगड्याची पिशवी शिवली. मला पाण्यात जाऊ द्यायला कुणी तयार नव्हतं. म्हणून रोज भरती लागली की सासूबाई आणि मासेवाली खाडीवर जायच्या. आमच्या सासूबाईंचा जन्म वाडीत गेला. केळी, नारळ, भाजी यापलीकडे त्यांना खाडीचं काही देणंघेणं नव्हतं. आता त्या गुडघाभर पाण्यात कडं धरून उभ्या राहायच्या. बांधावरून बायका हाका मारायच्या, “काय गो, आता कोळीन झालीस काय?” मासेवाली उलट ओरडायची, “तुज्या सुनेला घोडं झालं तर तूबी होशील!” पिशवी उलटी करून बादलीत खळबळली की बादलीचं पाणी ठिपक्यांनी थरथरायचं. पिल्लांनी पहिल्या बादलीवर घातलेली झडप मी विसरणार नाही. इवल्याशा तोंडांचा टक् टक् आवाज काचेला कान लावला की ऐकू यायचा. आणि त्यांच्या बापाची बडदास्त तर विचारूच नका. सगळ्यात चांगला जिवंत जवळा त्याला. “बाळंतीन हाय तो,” सासूबाई मासेवालीला बजावायच्या, “हडकुळा आनू नको.”

पुष्कळ मेली. हे लपवण्यात अर्थ नाही. पण आठवडा गेला, पंधरवडा गेला, तरी टाकीत उभी पिल्लं होती. मग ती बारीक जवळा खायला लागली आणि मला पहिल्यांदा नीट झोप लागली.

संक्रांतीच्या सुमारास मला मुलगी झाली. धडधाकट, आणि आवाज थेट माझा. त्या लुगड्याच्या उरलेल्या अर्ध्याची दुपटी झाली. दुसऱ्या अर्ध्याला खाडीचा वास लागला होता तो काही गेला नाही. समुद्रघोडे तोवर बोटाएवढे झाले होते आणि टाकीत त्यांची शेपट्यांची ओढाओढ चालायची. त्यांना सोडायची वेळ झाली होती. पण आमच्याकडे बाळंतीण सव्वा महिना उंबरा ओलांडत नाही, आणि तोवर थांबलं असतं तर त्या गर्दीत ते मेले असते. या वेळी मी वाद घातला नाही. इतकी वर्षं ज्या दिवसाची वाट पाहिली, त्या दिवशी मी खाटेवर मुलीला घेऊन पडले होते. सासूबाई आणि मासेवाली पातेल्यांवर ओली फडकी बांधून खाडीच्या तोंडाशी गेल्या.

परतायला उशीर झाला. ऊन कलायला लागलं तरी पत्ता नाही. मी तिसऱ्यांदा नवऱ्याला बघून यायला सांगत होते, तेवढ्यात सासूबाई मागच्या दाराने आल्या. कंबरेपर्यंत भिजलेल्या, ओठ थंडीने काळे पडलेले.

“गेले सगळे?” मी विचारलं.

“गेले. बाप आदी सोडला. बाकीचे गवताला लागले.”

“मग एवढा वेळ?”

त्यांनी उजवा हात पुढे केला आणि स्वतःच त्याच्याकडे पाहिलं. “एकजन जात नव्हता. माज्या बोटाला शेपटी गुंडाळून बसला. भरती चडत होती. ती मासेवाली म्हनते, झटक हात, जाईल. मी नाय झटकला.”

“आणि?”

“उबी ऱ्हायले. त्याचं त्यानं सोडलं, मंग आले.”

त्यांनी साडी बदलली, चुलीपाशी हात शेकून घेतले आणि मुलीला माझ्याजवळून उचललं.